‘माहिती उपलब्ध नाही’ : मोदी सरकारच्या कोविड हाताळणीवर टीका करायची, पण संशोधकासारखी

मागच्या महिन्यात एका मुलाचा फोन आला. पेट पास झालाय, पण समितीसमोर सादरीकरण झालं आणि विषय परत आला. विषय होता : ‘कोविड-१९ महामारीतील पंतप्रधानांचे नेतृत्व : एक चिकित्सक अभ्यास’. समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, "नेतृत्व चांगलं होतं की वाईट, हे तुम्ही आधीच ठरवून आलात का?" दुसऱ्या सरांनी विचारलं, "तुम्ही नेमकं मोजणार काय?" पोरगं गप्प. फोनवर मला म्हणाला, "दादा, विषय राजकीय आहे म्हणून नाकारला."

मी त्याला म्हटलं, विषय राजकीय होता म्हणून नव्हे, त्यात प्रश्नच नव्हता म्हणून नाकारला. हे मला कळतं, कारण माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्येही हीच चूक होती. माझ्या गाईडनी त्यावर लाल पेनाने एवढंच लिहिलं होतं : "हा लेख आहे, प्रस्ताव नाही."

म्हणून आजची पोस्ट. नेत्याच्या वादग्रस्त कारभारावर संशोधन करताना टीका कशी करायची, हे कोविडच्याच उदाहरणावरून बघू. माझं मतही लपवत नाही, सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझ्या मते पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या सरकारचा सगळ्यात गंभीर दोष लॉकडाउन लावला हा नाही, सभा घेतल्या हाही नाही. काय बिघडलं याचा हिशेब ठेवला गेला नाही आणि जिथे ठेवला गेला तिथे तो उशिरा बाहेर आला, हा सगळ्यात मोठा दोष आहे. आता हे मत मला कागदांवरून सिद्ध करता येतं का, ते तुम्हीच तपासा.

आधी राग बाजूला काढून ठेवा

मी वाशीचा. धाराशिव जिल्ह्यातला आमचा तालुका छोटा, जिरायती. मे २०२१ मध्ये माझे चुलते गेले. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. अँटिजेन टेस्ट निगेटिव्ह, छातीच्या स्कॅनमध्ये स्कोअर १९, आरटीपीसीआरचा रिपोर्ट शेवटपर्यंत हातात आला नाही. बेडसाठी तीन ठिकाणी फिरलो. ज्या दवाखान्यात शेवटी जागा मिळाली तिथल्या कागदावर मृत्यूचं कारण लिहिलं गेलं ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’. म्हणजे हृदय आणि श्वास बंद पडला. माणूस मेला की हे दोन्ही बंद पडणारच, ते कारण कसं होईल? वैद्यकीय नोंदीचे नियमही सांगतात की मरण्याची पद्धत ही मृत्यूचं कारण म्हणून लिहायची नसते.

पुढे पन्नास हजारांच्या मदतीसाठी अर्ज सुरू झाले, तेव्हा कुणीतरी काकींना सांगितलं की आरटीपीसीआरचा पॉझिटिव्ह कागद पाहिजेच. काकींनी अर्ज केलाच नाही. प्रत्यक्षात नियम तसा नव्हता. दवाखान्यात तपासण्यांवरून डॉक्टरांनी निदान केलेलं असलं तरी चालणार होतं. आम्हाला ते कळलं तेव्हा काकी म्हणाल्या, "जाऊ दे बाबा, आता कुठं परत त्या कागदात पडायचं."

हे का सांगतोय? माझ्या मनात राग आहे, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून. संशोधकाने स्वतःची बाजू कुठली ते आधी वहीत लिहून ठेवायचं असतं, म्हणजे पुढे पुरावा वाचताना आपण कुठे घसरतोय ते कळतं. माझा राग मला म्हणतो की नाना पंतप्रधानांमुळे गेले. अभ्यास मला म्हणतो की हे वाक्य मी सिद्ध करू शकत नाही. पण नाना कुठल्याच आकड्यात का नाहीत, हा प्रश्न मी विचारू शकतो. आणि त्याचा माग काढत गेलं की तो वाशीच्या नोंदवहीपासून दिल्लीपर्यंत जातो.

‘हाताळणी’ म्हणजे काय? तुकडे करा

‘महामारीची हाताळणी’ हा शब्द संशोधनासाठी फार मोठा आहे. त्याचे निर्णयांमध्ये तुकडे करायचे आणि प्रत्येक निर्णयाला चार प्रश्न विचारायचे :

१. निर्णय झाला त्या दिवशी सरकारला काय माहीत होतं?
२. दुसरा पर्याय होता का?
३. निर्णय घेण्याचा अधिकार कुणाचा होता, केंद्राचा की राज्याचा?
४. परिणाम काय झाला, आणि तो कुणी मोजला?

पहिल्या प्रश्नावर बहुतेक जण पडतात. आज आपल्याला जे माहीत आहे ते तेव्हाच्या माणसाला माहीत असायला हवं होतं असं धरून टीका करतात. ती टीका ऐकायला बरी वाटते, पण व्हायवामध्ये टिकत नाही. आता एकेक निर्णय घेऊ.

पहिला निर्णय : चार तासांचा लॉकडाउन

२४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांचा देशव्यापी लॉकडाउन जाहीर केला. तो मध्यरात्रीपासून लागू झाला. मधे चार तास. तेव्हा देशात नोंदलेले रुग्ण पाचशेच्या आसपास होते. सरकारी उपायांची कडकता मोजणारा ऑक्सफर्ड विद्यापीठाचा एक निर्देशांक आहे, त्यात भारताला त्या काळात १०० पैकी १०० मिळाले. एवढं कडक बंद जगात फार थोड्या देशांनी केलं.

पहिला प्रश्न, काय माहीत होतं? विषाणू नवा, लस नाही, इटलीची दृश्यं रोज टीव्हीवर. चाचणीची सोय नगण्य. जानेवारी २०२० मध्ये देशात ही तपासणी करणारी प्रयोगशाळा एकच होती, पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था. जूनच्या अखेरीपर्यंत ही संख्या हजारावर गेली. म्हणजे वेळ मिळवण्यासाठी बंद करणं हा निर्णय वेडगळ नव्हता. महाराष्ट्र सरकारनेही आदल्याच दिवशी, २३ मार्चला, राज्यभर संचारबंदी लावली होती. हे सगळं तुमच्या प्रबंधात आलंच पाहिजे. टाळलंत तर तुमचा अभ्यास एकतर्फी ठरेल.

दुसरा प्रश्न, पर्याय होता का? बंद करायचंच, तर चार तासांत का? रोजंदारीवरची माणसं शहरांत अडकणार, हे कळायला कुठल्या मॉडेलची गरज नव्हती. आमच्या भागातल्या कुणालाही विचारा. वाशी, भूम, कळंब आणि पलीकडचा बीड जिल्हा, इथून दरवर्षी दिवाळीनंतर कोयते ट्रॅक्टरमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. (‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची तोडणीची जोडी, बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो.) मार्च म्हणजे हंगाम उरकत आलेला, घरी निघायची वेळ. तेव्हाच रस्ते बंद झाले. लेकरं, बैलं, भांडीकुंडी यांच्यासह माणसं कारखान्यांच्या आवारात अडकली. राज्य सरकारने १७ एप्रिलला त्यांना गावी जाऊ देण्याचा आदेश काढला, तेव्हा ३८ कारखान्यांवरचे सुमारे १ लाख ३१ हजार मजूर अडकलेले असल्याचं सांगण्यात आलं. म्हणजे तीन आठवडे ही माणसं कुणाच्या हिशेबात होती?

इथे तिसरा प्रश्न येतो. लॉकडाउनची वेळ केंद्राने ठरवली, पण ऊसतोड मजुरांच्या नोंदणीचं काम राज्याचं होतं आणि ते वर्षानुवर्षं झालेलं नव्हतं. दोष वाटून द्यावा लागतो. जो प्रबंध सगळा दोष एकाच माणसावर टाकतो, तो सोपा असतो आणि बहुधा चुकीचाही.

चौथा प्रश्न, परिणाम. ३१ मार्च २०२० ला केंद्राच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात सांगण्यात आलं की सकाळी अकरा वाजेपर्यंत रस्त्यावर एकही स्थलांतरित मजूर चालत नाही. त्यानंतर पाच आठवड्यांनी, ८ मे २०२० ला पहाटे, छत्रपती संभाजीनगरजवळ (तेव्हाचं औरंगाबाद) करमाड इथे रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. ते मध्य प्रदेशातले. जालन्याहून रुळांच्या कडेने भुसावळकडे चालत निघालेले, तिथून गाडी मिळेल या आशेने.

ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की टीका आपोआप तयार होते, विशेषणांची गरज पडत नाही. पण लगेच एक काळजी घ्या. ३१ मार्चचं विधान त्या दिवसापुरतं होतं. ‘न्यायालयात खोटं बोलले’ असं लिहायचं असेल तर त्याच दिवशी माणसं चालत होती याचा पुरावा शोधा. ८ मेच्या घटनेवरून एवढंच म्हणता येतं की प्रश्न सुटलाय असं गृहीत धरलं गेलं होतं आणि तो सुटलेला नव्हता.

संसदेतलं उत्तर

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत प्रश्न विचारला गेला : लॉकडाउनमध्ये घरी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला? १४ सप्टेंबरला कामगार मंत्रालयाचं लेखी उत्तर आलं. अशी माहिती ठेवली जात नाही. पण त्याच काळात सरकारने हेही सांगितलं की १ कोटी ४ लाखांहून जास्त मजूर आपापल्या राज्यांत परतले. परतलेले मोजता आले, वाटेत गेलेले नाही.

त्याच अधिवेशनात राज्यसभेत रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं की ९ सप्टेंबरपर्यंत श्रमिक विशेष गाड्यांतून प्रवास करताना ९७ जणांचा मृत्यू झाला. हा आकडा राज्यांच्या पोलिसांकडून आलेला होता.

हे दोन्ही कागद नीट वाचा. एक मंत्रालय म्हणतं माहिती नाही, दुसरं म्हणतं पोलिसांकडून माहिती गोळा केली तर ९७. याचा अर्थ माहिती गोळा करण्याची यंत्रणा देशात होती. रस्त्यावर माणूस मेला की पंचनामा होतो, अकस्मात मृत्यूची नोंद होते, शवविच्छेदन होतं. कागद ठाण्याठाण्यात पडलेले असतात, ते एकत्र करायला कुणी सांगितलं नाही. ‘माहिती उपलब्ध नाही’ हे वाक्य नैसर्गिक परिस्थितीचं वर्णन वाटतं, पण तो एक प्रशासकीय निर्णय असतो. तुमच्यातले जे लोकप्रशासन किंवा राज्यशास्त्रात संशोधन करणार आहेत, त्यांनी हे वहीत लिहून घ्या. ‘माहिती नाही’ म्हणजे ‘घटना नाही’ असं कधीच धरायचं नाही. माहिती कुणी ठेवायला हवी होती, कुठल्या कायद्याखाली, आणि का ठेवली नाही, हा तिथे तुमचा संशोधन प्रश्न.

दुसरा निर्णय : दोन लाटांमधले महिने

दुसऱ्या लाटेवर लिहिताना बहुतेक विद्यार्थी थेट एप्रिल २०२१ वर उडी मारतात. जळणाऱ्या चिता, रांगा. पण हाताळणी तपासायची तर त्याआधीचे पाच महिने बघावे लागतात. एक साधी कालरेषा काढू :

नोव्हेंबर २०२० : संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने कोविडवर अहवाल दिला. त्यात दवाखान्यांतल्या खाटांच्या कमतरतेची आणि ऑक्सिजनची उपलब्धता व किंमत यांची काळजी व्यक्त केली होती.

५ जानेवारी २०२१ : पीएम केअर्स निधीतून १६२ ऑक्सिजन प्रकल्पांसाठी सुमारे २०१ कोटी रुपये मंजूर झाल्याची घोषणा.

२८ जानेवारी २०२१ : दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत पंतप्रधानांचं दूरस्थ भाषण. भारताने कोरोनावर प्रभावी नियंत्रण मिळवून मानवतेला मोठ्या संकटातून वाचवलं, असा त्याचा आशय.

१७ एप्रिल २०२१ : त्या दिवशी देशात २ लाख ३४ हजारांहून जास्त नवे रुग्ण नोंदले गेले. सकाळी पंतप्रधानांनी कुंभमेळा आता प्रतीकात्मक ठेवावा असं आवाहन केलं आणि त्याच दिवशी पश्चिम बंगालमध्ये आसनसोलला त्यांची मोठी प्रचारसभा झाली.

१८ एप्रिल २०२१ : आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की १६२ पैकी ३३ प्रकल्प बसवून झालेत.

आता कालरेषेकडे बघून सांगा, ‘दुसरी लाट अचानक आली’ हा बचाव किती टिकतो? लाटेचा आकार कुणालाच नेमका माहीत नव्हता, हे खरं. डेल्टा उपप्रकार किती वेगाने पसरेल हे जानेवारीत सांगणं अवघड होतं, हेही खरं. पण ऑक्सिजन कमी पडू शकतो हे संसदेच्याच समितीने पाच महिने आधी लिहून दिलं होतं. प्रकल्प मंजूरही झाले होते. ते बसले नाहीत. इथली टीका दूरदृष्टीवर नाही, पाठपुराव्यावर आहे, आणि म्हणून ती जास्त पक्की आहे.

१७ एप्रिलच्या सभेचं काय? एका सभेमुळे किती लोकांना लागण झाली हे सिद्ध करणं फार कठीण. त्या नादी लागू नका. पण सर्वोच्च पदावरचा माणूस गर्दी टाळा असं सांगतो आणि त्याच दिवशी गर्दीसमोर उभा राहतो, याचा लोकांच्या वागण्यावर काय परिणाम होतो, हा संवादशास्त्राचा रास्त प्रश्न आहे. त्यावर मुलाखती घेता येतात. आमच्या गल्लीतला एक जण तेव्हा म्हणाला होता, "तिकडं सभा चालतात, मग आपल्या लग्नालाच काय झालंय?" हे एक वाक्य म्हणजे पुरावा नव्हे. पण अशी चाळीस वाक्यं पद्धतशीर गोळा केली की प्रकरण तयार होतं.

आणि महाराष्ट्र? २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन पुरवठा थांबला आणि किमान २२ रुग्ण गेले. ते रुग्णालय महापालिकेचं. त्याच महिन्यात आमच्या शेजारच्या अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह स्मशानभूमीत नेले गेले. त्या व्यवस्थेची जबाबदारी स्थानिक आणि राज्य पातळीवरची होती. तेव्हा राज्यात वेगळ्या आघाडीचं सरकार होतं. पुढे २० जुलै २०२१ ला केंद्राने राज्यसभेत सांगितलं की ऑक्सिजनच्या अभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेलं नाही. महाराष्ट्र सरकारनेही असे मृत्यू मान्य केले नव्हते. म्हणजे न मोजण्यावर दोन्हीकडच्या सरकारांचं एकमत होतं. आपल्या आवडत्या पक्षाला सोडून देणारी टीका संशोधनात बसत नाही, ती भाषणात शोभते.

तिसरा मुद्दा : मेले किती?

आता आकडे. २०२१ च्या अखेरीपर्यंत भारतातले अधिकृत कोविड मृत्यू सुमारे ४ लाख ८१ हजार. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२२ ला अंदाज दिला की २०२० आणि २०२१ मिळून भारतात सुमारे ४७ लाख ‘अतिरिक्त मृत्यू’ झाले. अतिरिक्त मृत्यू म्हणजे नेहमीच्या वर्षी जेवढे झाले असते त्याहून जास्त झालेले. त्यात कोविडने गेलेले आले आणि इतर आजारांवर उपचार न मिळाल्याने गेलेलेही आले. भारत सरकारने या अंदाजाच्या पद्धतीवर हरकत घेतली. म्हणणं असं की आमच्याकडे प्रत्यक्ष नोंदी असताना गणिती मॉडेल का वापरता?

ही हरकत उडवून लावू नका, तिच्यात तथ्य आहे. ४७ लाख हा मधला आकडा, आणि संघटनेने दिलेली व्याप्ती ३३ ते ६५ लाख. ज्या अंदाजाची व्याप्ती एवढी मोठी, त्यातला एकच आकडा उचलून मथळा करणं बरोबर नाही. तुमच्या प्रबंधात व्याप्ती दिली नाहीत तर परीक्षक नक्की विचारणार.

मग प्रत्यक्ष नोंदी काय सांगतात? नागरी नोंदणी पद्धतीनुसार देशात नोंदले गेलेले सर्व कारणांचे मृत्यू असे : २०१८ मध्ये सुमारे ६९.५ लाख, २०१९ मध्ये ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख.

२०२० वरून २०२१ ला सुमारे २१ लाखांची वाढ. तर २०२१ या एका वर्षातले अधिकृत कोविड मृत्यू सव्वातीन लाखांच्या आसपास. बघितलं की वाटतं, सापडलं! थांबा. कोविडच्या आधीही नोंदणी वाढतच होती, २०१८ ते २०१९ मध्ये जवळजवळ सात लाखांनी. कारण माणसं जास्त मरत होती असं नाही, नोंद जास्त होऊ लागली होती. शिवाय २०२० मध्ये कार्यालयं बंद होती, तेव्हाच्या काही नोंदी २०२१ मध्ये झाल्या असतील. म्हणून २१ लाखांतून नेहमीची सात लाखांची वाढ वजा करा. तरी १४ लाख उरतात. उशिराच्या नोंदींसाठी आणखी सूट द्या. तरीही अधिकृत आकड्यापेक्षा ते कितीतरी जास्त राहतात. हा माझा ढोबळ हिशेब आहे, शोधनिबंध नव्हे. पण तो सरकारच्याच नोंदींवर आधारलेला आहे आणि कुठल्याही मॉडेलशिवाय केलेला आहे.

आता तारखा बघा. २०२० चा नोंदणी अहवाल ३ मे २०२२ ला आला, आरोग्य संघटनेच्या अंदाजाच्या दोन दिवस आधी. २०२१ चा, म्हणजे जिथे खरी उडी दिसते तो, मे २०२५ मध्ये आला. नोंदी आहेत म्हणून मॉडेल नको, हे म्हणणं मान्य. पण मग त्या नोंदी चार वर्षं लोकांसमोर का नव्हत्या? शिवाय जनगणना २०११ नंतर झालेली नाही. २०२१ ची पुढे ढकलली गेली आणि आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरलीय. म्हणजे मृत्युदर काढायला अंश उशिरा मिळतो आणि छेद २०११ चा. माझ्या तालुक्याचा २०२१ चा मृत्युदर काढायचा तर मला आजही लोकसंख्या अंदाजानेच धरावी लागते.

मदतीच्या अर्जांतही हेच दिसलं. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जून २०२१ च्या आदेशानंतर सानुग्रह मदत ठरली, पन्नास हजार रुपये. जानेवारी २०२२ पर्यंत महाराष्ट्रात अधिकृत मृत्यू सुमारे १ लाख ४१ हजार होते आणि अर्ज दोन लाखांच्या वर आले होते. काही अर्ज दुबार असतील, काही चुकीचे. पण काकींसारख्या अर्जच न केलेल्याही असतील ना? दोन्ही बाजूंच्या चुका मांडायच्या.

जमेची बाजू लिहायला विसरू नका

चिकित्सा म्हणजे फक्त दोष काढणं नव्हे. लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं आणि २१ ऑक्टोबरला १०० कोटी मात्रा पूर्ण झाल्या. एवढ्या मोठ्या देशात हे काम लहान नाही. माणशी महिन्याला पाच किलो मोफत धान्याने आमच्या तालुक्यातली कित्येक घरं तरली, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पण त्याच लसीकरणात एक धडाही आहे. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाच्या लसी राज्यांनी विकत घ्याव्यात असं धोरण आलं. तीच लस केंद्राला एका भावात, राज्यांना दुसऱ्या. ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या धोरणाला सकृद्दर्शनी मनमानी आणि अतार्किक म्हटलं आणि हिशेब मागितला. ७ जूनला पंतप्रधानांनी धोरण बदललं, २१ जूनपासून केंद्राने राज्यांसाठी मोफत लस घ्यायला सुरुवात केली. बदलामागे न्यायालय एकटं होतं असं मी म्हणणार नाही, राज्यांचाही दबाव होता. पण जिथे आकडे मागितले गेले तिथे चूक सुधारली. मजुरांच्या मृत्यूबाबत आणि ऑक्सिजनबाबत आकडेच नव्हते, तिथे आजपर्यंत काही सुधारायचं आहे हेही मान्य झालेलं नाही. हिशेब न ठेवणं हा सगळ्यात गंभीर दोष, असं मी वर म्हटलं ते या तुलनेवरून.

मग विषय कसा घ्यायचा?

फोनवरच्या त्या मुलाचा विषय आम्ही दोघांनी मिळून बदलला. आता तो असा आहे : ‘कोविड-१९ काळातील मृत्यू नोंदणीतील तफावत : एका तालुक्याचा अभ्यास, २०१८ ते २०२२’. नेत्याचं नाव शीर्षकात नाही. पण केंद्राचे निर्णय, राज्याची अंमलबजावणी आणि गावातली नोंद, या तिन्ही पायऱ्या त्यात येतात.

तुम्हालाही असं काही करायचं असेल तर थोड्या कामाच्या गोष्टी :

गावपातळीवर जन्म-मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीकडे असते, शहरात नगरपंचायत किंवा नगरपालिकेकडे. तुम्हाला माणसांची नावं नकोत, फक्त महिनावार संख्या हवी. तसा अर्ज द्या, नाही मिळाली तर माहिती अधिकारात मागा. निदान तीन आधीची वर्षं घ्या, नाहीतर ‘नेहमीचं’ म्हणजे किती ते ठरणार नाही.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसतं. कारण डॉक्टरांच्या वेगळ्या नमुन्यात असतं. देशातल्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२-२३ टक्क्यांनाच वैद्यकीय कारणाचं प्रमाणपत्र मिळतं. म्हणून ‘कोविडचे मृत्यू’ मोजायला जाऊ नका, ‘एकूण मृत्यू’ मोजा.

संसदेतले प्रश्नोत्तर दोन्ही सभागृहांच्या संकेतस्थळांवर मोफत मिळतात. वर्तमानपत्रातली बातमी वाचून थांबू नका, मूळ उत्तर काढा. बऱ्याचदा ‘मृत्यू झाला नाही’ आणि ‘मृत्यू झाल्याचं कळवलं गेलं नाही’ यांतला फरक बातमीत हरवलेला असतो.

घरोघरी जाणार असाल तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या. आणि घरात शिरल्या शिरल्या फॉर्म काढू नका. पहिल्या दिवशी फक्त बसा, चहा घ्या, निघा.

मी स्वतः वाशीत आकडे मागायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "एवढ्या जुन्या नोंदी कशाला पाहिजेत? पैसे तर मिळून गेले सगळ्यांना." मी म्हटलं, "सगळ्यांना नाही मिळाले मॅडम." त्यांनी मान वर करून बघितलं, काही बोलल्या नाहीत, कपाटातून रजिस्टर काढलं. एप्रिल आणि मे २०२१ ची पानं इतर महिन्यांपेक्षा जास्त भरलेली होती. नानांचं नाव तिथे होतं, गावच्या इतर नावांच्या मधे, स्वच्छ अक्षरात.

नोंद होतीच. ती फक्त कुणी बेरजेत घेतली नव्हती. ते काम आता आपलं आहे.

तुमच्या तालुक्याचे आकडे काढायला कुणी तयार असेल तर कळवा. तक्ता कसा भरायचा ते मी पुढच्या पोस्टमध्ये सांगतो.